सुटकेच्या दुसऱ्या दिवशी

वाचकहो, १९९५ च्या सुमारास तुम्ही अमेरिकेत असाल, तर भारतवारीच्या बॅगेत सेलमध्ये घेतलेले चार शर्ट नक्की भरले असतील. ते कोणी शिवले, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांना पडला असेल.

त्या वर्षी २ ऑगस्टला लॉस एंजेलिसजवळच्या एल माँटे इथे एका साध्याशा अपार्टमेंट संकुलावर सरकारी छापा पडला. भोवती काटेरी तारा आणि आत ७२ थाई कामगार, बहुतेक बायका. चांगल्या नोकरीच्या आशेने आलेल्या. प्रवासखर्चाचं कर्ज डोक्यावर, बाहेर पडायची बंदी, आणि शिलाई मशीनवर दिवसरात्र काम. काहीजणी तिथे कित्येक वर्षं कोंडलेल्या होत्या.

छापा पडला म्हणजे सुटका झाली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कागदपत्रं नाहीत म्हणून त्यांची रवानगी इमिग्रेशनच्या कोठडीत झाली. त्यांना बाहेर काढण्यासाठी झटले ते थाई कम्युनिटी डेव्हलपमेंट सेंटर आणि ज्युली सू ही तरुण वकील. पुढे कपड्यांच्या कंपन्यांकडून ४० लाख डॉलरहून जास्त भरपाई मिळाली, पण खटल्याला वर्षं लागली. तोवर राहायचं कुठे? डॉक्टरला दुखणं कोणत्या भाषेत सांगायचं? प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं दार ठोठवायचं, तेही ज्या माणसांना साधं बसने जाणंही नवीन होतं त्यांनी!

या अनुभवातूनच १९९८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘कास्ट’ ही संस्था उभी राहिली. निवारा, वकील, समुपदेशन यांची सांगड एकाच ठिकाणी घालायची, हा तिचा विचार. ऑक्टोबर २००० मध्ये मानवी तस्करीविरोधी कायदा झाला. त्याने वर्षाला ५,००० पर्यंत ‘टी’ व्हिसांची सोय केली आणि सरकारी दाखला मिळालेल्या परदेशी पीडितांना निर्वासितांइतक्या सवलती दिल्या.

मात्र दाखला येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे? ते सर्वांत नाजूक. म्हणून न्याय खात्याचं सुरुवातीचं अनुदान मुख्यतः याच काळातल्या सेवांसाठी संस्थांना मिळू लागलं. २०१५ च्या कायद्याने तर ऐपत असलेल्या दोषी गुन्हेगाराकडून ५,००० डॉलर वसूल करून ते पीडितांच्या मदतीकडे वळवले.

तरीही एक अडचण उरतेच. अनुदानाला मुदत असते. रात्री दचकून उठण्याला नसते. छाप्याची बातमी होते, तिसऱ्या वर्षाच्या घरभाड्याची होत नाही.

म्हणून, तुमच्या गावात अशी संस्था असेल तर एकदा चौकशी करा. पैसे द्याल तेव्हा ते कशावर खर्च करायचे हे तिलाच ठरवू द्या. भाडं, औषधं, बसचा पास, जे अडलं असेल ते. आणि मराठी, हिंदी नीट येत असेल तर दुभाष्याचं प्रशिक्षण घ्यायची तयारी आहे, हेही कळवून ठेवा. आपल्या भाषेत बोलणारं कोणी भेटलं, की अर्धी कोठडी तिथेच उघडते.