‘सुभेदार’ : एका पदवीचा प्रवास

खजरान्याचे गणेश मंदिर अहिल्याबाईंनी उभारले, असे परंपरा सांगते. त्यांचे सासरे मल्हारराव इतिहासात ‘सुभेदार’ म्हणूनच ओळखले जातात. मोगल अमदानीत सुभेदार म्हणजे सुभ्याचा, प्रांताचा अधिपती. मराठेशाहीत मुलूख, वसूल आणि फौज सांभाळणाऱ्या सरदारांनाही ही पदवी लागली. इंग्रजी पलटणींत मात्र ती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालील हिंदी अंमलदारापुरती उरली. आजही भूदलात नायब सुभेदार व सुभेदार मेजर यांमधील तो हुद्दा आहे. असेच एक सुभेदार, रामजी सकपाळ, महूच्या छावणीत होते. तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. आंबेडकर जन्मले. माळव्यातील आपण मराठी मंडळी पहिल्या सुभेदारांचे स्मरण अभिमानाने करतो; दुसरे सुभेदारही आपलेच, याचा विसर पडू नये.