पोसणारा हात, शिक्षेचा हात

खासबाग मैदानात कुठेही बसा, हौदा नीट दिसतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली पुऱ्या केलेल्या या मैदानाची बशीसारखी रचनाच तशी आहे. कुस्तीत काय झाले ते सगळ्यांना दिसते. पण हौद्याबाहेर पैलवानाच्या हातून काही घडले, तर ते पाहायचे कोणी? कुस्तीचा इतिहास गोळा करताना हा प्रश्न मला सोडत नाही.

लहानपणी एका तालमीत मी पाहिले होते. थोरल्या पैलवानाने एका पोराला बेदम मारले. वस्ताद म्हणाले, "उद्यापासून पाऊल टाकायचं नाही." विषय संपला. पोर गावी गेले ते परतले नाही. मारणारा मात्र पुढच्या जत्रेत दुसऱ्या तालमीकडून लढला. फिर्याद कोणाच्या मनातही आली नाही.

याचे मूळ जुने आहे. संस्थानकाळी पैलवानाचा खुराक दरबारातून येई आणि न्यायखातेही त्याच गादीच्या नावाने चाले. पोसणारा आणि शिक्षा करणारा धनी एकच. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे साखर कारखान्यांचे मानधन आले, पोलीस आणि रेल्वेतल्या नोकऱ्या आल्या. पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकणारा आपल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळेही रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

नोकरीबरोबर नियमपुस्तक आले. रेल्वेचे १९६८ चे आणि महाराष्ट्र नागरी सेवेचे १९७९ चे शिस्त व अपील नियम एका बाबतीत सारखे आहेत: कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, की तो निलंबित मानला जातो. हे निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. मे २०२१ मध्ये सागर धनखड या तरुण पैलवानाच्या हत्येच्या आरोपाखाली ऑलिंपिकवीर सुशीलकुमारला अटक झाली, तेव्हा उत्तर रेल्वेने त्याला निलंबित केले. गुन्हा केला की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायालयाकडेच राहिले.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालाव्यात का? कोलारच्या भारत गोल्ड माइन्समधील कॅप्टन पॉल अँथनी यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चालू शकतात. आरोप गंभीर आणि गुंतागुंतीचा असेल तर विभागीय चौकशी थांबवणे इष्ट. पण खटला रेंगाळला तर ती पुन्हा सुरू करता येते, म्हणजे निर्दोष माणूस लवकर सुटावा आणि दोषी लवकर दूर व्हावा. फौजदारी न्यायालयाला वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो. चौकशीला शक्यतेचा तोल पुरतो.

म्हणूनच दोन ठिकाणी दोन निकाल लागू शकतात. मे २०१३ मध्ये आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून श्रीशांत आणि मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना अटक झाली. आपल्या महाराष्ट्राचा 'मोक्का' त्यांना दिल्लीत लावला गेला. क्रिकेट मंडळाने त्याच सप्टेंबरात दोघांवर आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तरी बंदी उठली नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या शिक्षेच्या मुदतीचा फेरविचार करायला लावला आणि बंदी सात वर्षांवर आली. पुढे चव्हाणचीही तशीच कमी झाली. गोलंदाजाच्या आयुष्यात सात वर्षे म्हणजे जवळजवळ सगळेच.

माझ्या मते खेळाच्या संस्थेने न्यायालयाची वाट पाहत बसू नये. पण बंदीच्या आडून जन्मठेपही देऊ नये. तिने एवढेच पाहावे, की या माणसाला आज आपल्या अंगणात ठेवणे इतरांना सुरक्षित आहे का. ज्याला इजा झाली, त्याची फिर्यादीची वाट मात्र तिने अडवता कामा नये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि कुस्तीगीर संघाने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घातली. ते हजारोंच्या डोळ्यांदेखत घडले. तालमीच्या बंद दाराआड घडते, त्याचे काय? तिथल्या पोरांना पगार नाही, म्हणून नियमपुस्तकही नाही. तिथे अजून वस्तादांचा शब्द हाच कायदा आहे. तो शब्द मारणाऱ्याला बाहेर काढतो. गावी गेलेल्या पोराला तो परत आणत नाही.