किनारी समुद्राचे प्रदूषण

किनारी समुद्राचे प्रदूषण : किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मैला, कारखान्यांचे सांडपाणी, खते, तेल व प्लास्टिक मिसळल्याने होणारी हानी. यातला मोठा वाटा जमिनीवरून येतो, आणि ती जमीन किनाऱ्याचीच असते असे नाही. उदाहरणार्थ, रायपूरच्या शंकर नगरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही रायपूरचे सांडपाणी नाल्यांवाटे खारुन नदीत उतरते. खारुन शिवनाथला, शिवनाथ शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला आणि महानदी पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या तिन्ही नद्या आहेत. मैल्यातले बहुतेक जंतू एवढ्या प्रवासात मरतात आणि गाळाचा बराच भाग हिराकुड धरणात (1957) अडतो. पाण्यात विरघळलेल्या नत्र-स्फुरदाचा काही अंश मात्र पुढे जातो. त्यावर शेवाळ माजते, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पारादीपला बंदर, खतकारखाने व तेलशुद्धीकरण प्रकल्प यांची भर त्यात पडते. तेथेच सप्टेंबर 2009 मध्ये लोहखनिज भरलेले ‘ब्लॅक रोझ’ जहाज बुडाले.

भारतीय किनाऱ्याच्या पाण्याची पद्धतशीर तपासणी 1991 मध्ये ‘कोमॅप्स’ या केंद्रीय कार्यक्रमाने सुरू झाली. तिचा कल स्पष्ट आहे : खोल समुद्र बऱ्यापैकी स्वच्छ, तर खाड्या, नदीमुखे आणि मोठ्या शहरांलगतचे पाणी बिघडलेले. मुंबईची माहीम खाडी हे त्याचे ठळक उदाहरण. स्नानयोग्य समुद्राच्या निकषानुसार 100 मिलिलिटर पाण्यात मलजन्य जंतू 100 पर्यंतच असावेत. मिठी नदी जिथे या खाडीतून समुद्राला मिळते तिथे हा निकष दूरच राहतो.

सगळेच बिघडले असे नाही. 2000 मध्ये देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि जहाजांच्या तळाला लावल्या जाणाऱ्या विषारी कथिलयुक्त रंगांवर 2008 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. टँकरमधून होणारी मोठी तेलगळतीही 1970 च्या दशकाच्या तुलनेत जगभर खूप घटली. तरी 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-3’ यांच्या टकरीत शेकडो टन तेल सांडले, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आगेमागे तेलगोळे आजही येतात. अपघात बातमीत झळकतात. त्याहून मोठे, रोजचे नुकसान न शुद्ध केलेल्या मैलापाण्याचे आहे. म्हणून किनारा सुधारण्याच्या योजनांत रायपूरसारख्या आतल्या शहरांच्या सांडपाणी शुद्धीकरणालाही बंदरांइतकेच स्थान मिळाले पाहिजे.