पडद्यावरचा मराठी ल

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली. तरी पुढे कित्येक वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टवर चालत. पडद्यावर 'क' दिसे, आत साठवलेले असे भलतेच. फॉन्ट गेला की उरे ती चिन्हांची खिचडी. तेव्हा उतरवून ठेवलेले लेख आज मला वाचता येत नाहीत!

म्हणून पाने बनवणाऱ्या मुलांना सांगतो, मजकूर यूटीएफ-८ मध्येच साठवा आणि पानाच्या 'हेड'मध्ये तसे नोंदवाही. शिवाय एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा 'एमआर' लिहा. नमुन्यातले 'ईएन' तसेच राहते. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही भाषा कळते. हिंदी वळणाचा ल दिसला की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो.