यकृताचें प्रत्यक्ष दर्शन

यकृतासारखें महत्त्वाचें इंद्रिय रोगी जिवंत असतां डोळ्यांनीं पाहावें, ही गोष्ट गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत वैद्यांस स्वप्नवत् वाटत असे. पोट चांचपून पाहावें, काविळीवरून वा जलोदरावरून तर्क बांधावा, आणि खरें काय तें बहुधा शवच्छेदनाच्या वेळीं कळावें, असाच क्रम होता. १९०१ सालीं ड्रेस्डेनचे गेऑर्ग केलिंग यांनीं हांबुर्ग येथें एका कुत्र्याच्या पोटांत हवा भरून बारीक छिद्रांतून दुर्बीण आंत घातली. १९१० सालीं स्टॉकहोमचे याकोबेउस यांनीं ती मनुष्याच्या उदरांत घातली. प्रथम त्यांनीं जलोदराचे रोगी निवडले. कारण पाणी काढून त्या जागीं हवा भरतां येई व आंतड्यांस इजा होण्याचें भय कमी असे. पुढें १९२९ सालीं बर्लिनच्या हाइन्झ काल्क यांनीं दुर्बिणींत सुधारणा करून या उदरदर्शनास, म्हणजे लॅपरोस्कोपीस, यकृतरोगनिदानाचें भरंवशाचें साधन बनविलें.

शतकाच्या मध्यास एक निराळाच यकृतविकार वैद्यांच्या नजरेस आला. १९५० सालीं स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनीं तरुण स्त्रियांतील एका चिवट यकृतदाहाचें वर्णन केलें. त्यांच्या रक्तांत गॅमा ग्लोब्युलिन फार वाढलेलें असे. १९५६ सालीं मेलबर्नच्या मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विकाराकडे पुन्हां लक्ष वेधलें. शरीराची संरक्षक शक्तीच येथें यकृतावर उलटते. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार. आज यास ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात.

आतां कुंपण शेत खात आहे, हें दुर्बिणींतून दिसतें काय? नाहीं. दिसते ती शेताची नासाडी: यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे कीं गांठाळ, व्रण कोठें पडले आहेत, इतकेंच. कारण शोधावयाचें तें रक्तांतील प्रतिपिंडांत आणि सूक्ष्मदर्शकाखालील तुकड्यांत. परंतु नुसत्या सुईनें काढलेला तुकडा म्हणजे यकृताचा सुमारें पन्नास हजारावा भाग! तो बऱ्या जागेचा निघाला, तर सिरोसिस असूनहि नजरेआड होतो. लॅपरोस्कोपीनें बराचसा पृष्ठभाग दिसतो, तुकडा कोठला घ्यावा हें ठरवितां येतें, व रक्तस्राव झाल्यास तोहि दिसतो.

हें सूक्ष्म निदान केवळ पांडित्याचा विषय नव्हे. १९७१ सालीं लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांतील वैद्यांनीं एक तुलना प्रसिद्ध केली: प्रेडनिसोलोन दिलेल्या २२ रोग्यांपैकीं ३ दगावले, न दिलेल्या २७ पैकीं १५. रोग वेळीं ओळखला जाणें म्हणजे येथें प्राणच वाचणें.

पुढें अल्ट्रासोनोग्राफी आली, सुई सोपी झाली, आणि या कामीं लॅपरोस्कोपीचा वापर बहुतेक ठिकाणीं मागें पडला. जर्मनी व जपान येथें ती प्रथा अधिक काळ टिकली. तरीहि यकृताचें दर्शन, त्याचा तुकडा आणि रोग्याचें रक्त या तिन्ही साक्षी एकमेकींशीं ताडून पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये, हा तिनें घालून दिलेला धडा विसरण्याजोगा नाहीं.