विरळ हवेतलं पातं

मंगळावर उडण्याचा पहिला सविस्तर आराखडा चुकीच्या आकड्यावर उभा होता. व्हर्नर फॉन ब्राउन यांनी १९५०च्या सुमारास मंगळमोहिमेचं गणित मांडलं, त्यात माणसांना घेऊन उतरणारी प्रचंड पंखांची यानं होती. तिथल्या हवेचा दाब तेव्हा ८५ मिलिबारच्या आसपास धरला जाई. जुलै १९६५मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाआड गेलं, त्याच्या रेडिओलहरी तिथल्या हवेतून वाकून पृथ्वीवर आल्या आणि दाब निघाला अवघा ४ ते ७ मिलिबार. पंखांचं गणित तिथंच कोसळलं.

पुढे नासानं हायड्रॅझिन या इंधनावर चालणारं एक लहान, विनावैमानिक विमान बनवलं. त्याच्या इंजिनाला ऑक्सिजन लागत नसे, म्हणून मंगळासाठीही त्याचा विचार झाला. तेही गेलं नाही.

हेलिकॉप्टरची शाखा वेगळी. नव्वदच्या दशकात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले बॉब बलराम (मूळचे आयआयटी मद्रासचे) यांनी स्टॅनफर्डच्या इलान क्रू यांचं चिमुकल्या रोटरयानांवरचं भाषण ऐकलं. आकार लहान केला की वजन झपाट्यानं घटतं, मग मंगळावर का नको? प्रस्ताव तयार झाला, पात्यांची चाचणीही झाली. पैसे मिळाले नाहीत. कल्पना जवळपास पंधरा वर्षं पडून राहिली.

मंगळावरची हवा आपल्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट. गुरुत्व ३८ टक्के, म्हणजे थोडी सूट मिळते. पण पुरेशी नाही. म्हणून पाती लांब हवीत, शिवाय मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे. याहून फार जोरातही फिरवता येत नाहीत, कारण त्या थंड कार्बन डायऑक्साइडमध्ये ध्वनीचा वेगच सेकंदाला साधारण २४० मीटर. पात्याचं टोक त्याच्या फार जवळ गेलं की गडबड.

पण उचलबळाचा प्रश्न निदान आधीपासून दिसत होता. खरी खोड निघाली ती वेगळीच. फिरणारं पातं वरखाली डोलतं. पृथ्वीवर भोवतालची हवाच हे डोलणं दाबून टाकते. विरळ हवेत ते लवकर थांबतच नाही. कल्पना पुन्हा हाती घेतल्यावर, जवळपास सगळी हवा काढून घेतलेल्या कक्षात पहिलं छोटं मॉडेल जॉयस्टिकनं उडवून पाहिलं, तर ते हाताला दाद देईना. मग पाती अतिशय ताठ केली, ताबा संगणकाकडे दिला. तसाही मंगळापर्यंत संदेश पोचायला कित्येक मिनिटं लागतात, तिथं वैमानिकाचा हात काय कामाचा! मे २०१६मध्ये त्याच कक्षात पहिलं नियंत्रित उड्डाण साधलं.

१.८ किलोचं, १.२ मीटर रोटरचं इन्जेन्युइटी हे हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ला मंगळावरच्या जेझेरो विवरात तीन मीटर वर गेलं आणि एकूण ३९ सेकंद हवेत राहिलं. त्याच वर्षी ऋतू पालटला, हवा आणखी विरळ झाली, आणि फेरे २,७०० करावे लागले. बेत पाच उड्डाणांपर्यंतचा होता, झाली ७२. जानेवारी २०२४मध्ये खुणा नसलेल्या वाळूवर कॅमेऱ्याला आपली गती नीट कळेना, यान जोरात उतरलं, पाती तुटली.

तोवर पृथ्वीवरच्या त्या कक्षात पुढची, जास्त लांब पाती मिनिटाला ३,५०० फेऱ्यांनी फिरवून झाली होती. टोकं ध्वनिवेगाच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचली, आणि पाती शाबूत राहिली.