स्वस्त मोबाइल आणि प्रोसेसरचा आज्ञासंच : रबाळे-घणसोली पट्ट्याच्या संदर्भात

ठाणे-बेलापूर मार्गावरील रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हा पट्टा मुख्यत्वे कारखान्यांसाठी ओळखला जाई. भारतातील स्वस्त मोबाइलच्या इतिहासात मात्र तो दोनदा महत्त्वाचा ठरला. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने कोपरखैरणे येथील केंद्रातून कारभार चालवीत प्रारंभी अवघे ५०१ रुपये भरून मिळणारा सीडीएमए फोन बाजारात आणला. २०१७ मध्ये जिओने परत मिळणाऱ्या १५०० रुपयांच्या अनामतीवर जिओफोन देऊ केला. जिओची कचेरी घणसोलीची. या स्वस्ताईची चर्चा दरांपुरतीच होते. तिच्या मुळाशी असलेल्या आज्ञासंचाकडे, म्हणजेच प्रोसेसरला कळणाऱ्या मूलभूत आज्ञांच्या भाषेकडे, सहसा लक्ष जात नाही.

मोबाइलमध्ये ही भाषा केंब्रिजच्या एआरएम कंपनीची रूढ झाली, ती वेगापेक्षा काटकसरीमुळे. एआरएमच्या मूळ आज्ञा ३२ बिटांच्या. त्या साठवण्यास मेमरी अधिक लागे, आणि त्या काळी मेमरीच महाग होती. यास्तव १९९४ च्या सुमारास ‘थंब’ हा १६ बिटांचा संक्षिप्त आज्ञासंच जोडण्यात आला. एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरच्या नावातील ‘टी’ त्याचाच. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये तो होता. सीडीएमएची प्रवर्तक क्वालकॉम हिनेही आपल्या चिपांसाठी तोच स्वीकारला.

जिओफोनचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या काही संचांत क्वालकॉमची, तर काहींत चीनच्या स्प्रेडट्रमची चिप होती. दोहोंतील प्रोसेसर मात्र एआरएमचाच, कॉर्टेक्स-ए७. आज्ञासंच समान असल्याने एकच फोन दोन विक्रेत्यांच्या चिपांवर काढणे सुकर झाले. घासाघीस करू पाहणाऱ्या खरेदीदारास याहून मोठी सोय कोणती? इंटेलपाशी नेमके हेच नव्हते. २०१२ मध्ये भारतातच विक्रीस आलेल्या लाव्हाच्या झोलो एक्स९०० या इंटेलच्या चिपवरील फोनात एआरएमसाठी रचलेली अ‍ॅप्स आज्ञांचे भाषांतर करून चालवावी लागत. २०१६ मध्ये इंटेलने स्मार्टफोनच्या चिपांचा नाद सोडला.

विक्रेते बदलता आले, तरी आज्ञासंचाची मालकी केंब्रिजलाच राहिली. खाडीपलीकडे पवईच्या आयआयटीत विकसित झालेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये प्रकाशात आला. त्याचा आज्ञासंच स्पार्क-व्ही८ हा खुला आहे. परंतु तो मोबाइलसाठी योजलेला नव्हता.